श्रीखंडाच्या डब्यातली गाठ

लोणावळा

गूळ तापू लागला की अजूनही मला तो जिना आठवतो. खाली चिक्की करणाऱ्याची भट्टी होती. कढईत पाक उकळत होता आणि त्याचा दाट, कडेला किंचित करपलेला गोडवा पायरीपायरीने वर चढत होता. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून फॉर्मालिनचा वास खाली उतरत होता, डोळ्यांत पाणी आणणारा, नाकाच्या मुळाशी टोचणारा. जिन्याच्या वळणावर हे दोन वास एकमेकांत मिसळत. तिथेच अक्का कठड्याला धरून दम खात थांबली आणि म्हणाली, "हितं माणसाला भूक बी लागती आन् मळमळ बी व्हती. एकाच टायमाला."

अक्का म्हणजे माझी मावसबहीण कुसुम. लग्न होऊन सोलापूरहून नाणे मावळातल्या वडिवळे गावी आली आणि बघता बघता तिची बोलीही मावळी झाली. गणपती उठल्यावर शस्त्रक्रिया करून तिच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली. गाठ लवकर सापडली होती. यकृतात, फुप्फुसांत कुठे काही नव्हते. प्रश्न उरला होता तो पुढचा. आजार परत येईल का? येण्याचा धोका असेल तर केमोथेरपी घ्यायची; नसेल तर इतके जहाल औषध अंगात कशाला भिनवायचे?

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी "सगळं काढलंय, निर्धास्त राहा" म्हणून घरी पाठवले. पुण्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी समोरच्या कागदावरून नजरही न उचलता सांगितले, "केमो देऊन टाकू. आम्ही सगळ्यांनाच देतो." सगळ्यांनाच! जणू संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण. दारात आली तिच्या हातावर ठेवायचे. अक्का गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये फुलांची प्रतवारी करते. दिवसभर तिची बोटे काट्यांत आणि शीतगृहात असतात. त्यांनी सुचवलेल्या औषधांपैकी एकाने बोटे बधिर होऊ शकतात, थंड वस्तूला हात लागला तरी सुया टोचल्यासारखे होते, हे त्यांनी सांगितले नाही. अक्कानेच चार ठिकाणी विचारून ते जाणून घेतले. तू काम काय करतेस, एवढे मात्र तिला कोणीही विचारले नव्हते.

पहिला शहाणा प्रश्न विचारला तो तळेगावच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी. "गाठीचा ब्लॉक कुठे आहे?"

कापून काढलेल्या गाठीचे निवडक तुकडे मेणात बसवून छोटे ठोकळे करतात. तेच हे ब्लॉक. ते वर्षानुवर्षे टिकतात. त्यांचे केसाहून पातळ काप काढून रंगवले की सूक्ष्मदर्शकाखाली गाठ आपला स्वभाव सांगू लागते: ती जागच्या जागी बसून होती की वाट काढत निघाली होती, रक्तवाहिनीत शिरली होती का, कडेने विखरू लागली होती का. त्यावरून आजार परतण्याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, भविष्य नव्हे. पण डोळे मिटून औषध देणे आणि डोळे मिटून औषध न देणे या दोन्हींपेक्षा तो कितीतरी बरा. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेने हा स्वभाव चार ओळींत उरकला होता. कर्करोग आहे. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत. चार गाठी तपासल्या. चारही निर्दोष.

या चार गाठी म्हणजे आतड्याजवळच्या लसिकाग्रंथी, ज्यांच्या वाटेने हा आजार पुढे सरकतो. मराठीत आपण रोगालाही गाठ म्हणतो आणि त्या निरागस ग्रंथीलाही गाठच. रिपोर्ट वाचून घेतल्यावर अक्काच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, "आनखी चार गाठी निघाल्या" असे घरी सांगितले, आणि वडिवळ्याच्या बायका अक्काला बघायला येऊन पदराने डोळे पुसत राहिल्या. हे शब्द समजावून सांगायला किती वेळ लागला असता? आणि चारच का, निदान बाराएक तरी शोधायला हव्या होत्या ना, हे त्या प्रयोगशाळेला कोणी विचारायचे?

जिना चढून आम्ही तिघे वर गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी आमचे म्हणणे मोबाइलवर बोट फिरवत ऐकले.

"ब्लॉक, स्लाइड सगळं पेशंटच्या माणसाला दिलंय, मॅडम. आमच्याकडे आता काही नाही."

"दिलंय, व्हय," दाजी म्हणाले. "तुमी म्हनला, ह्यो पोटातला तुकडा हाय, नीट ठेवा."

"मग? ठेवला ना नीट?"

दाजींनी माझ्याकडे पाहिले, मग अक्काकडे, मग भिंतीकडे. "आईनं ठेवला. बांधात."

"बांधात म्हणजे?"

"पुरला."

गृहस्थ आतल्या खोलीकडे वळून ओरडले, "अरे, ऐकलंस का? ह्यांनी ब्लॉक शेतात पेरलाय!" आतून कोणीतरी म्हणाले, "उगवला की आम्हांला पण द्या म्हणावं." आणि दोघेही खळखळून हसले.

मी आयुष्यभर शब्दांच्या सहवासात राहिले आहे. तरी त्या क्षणी एकही कामाचा शब्द मला सापडला नाही, याची चीड अजून जात नाही. हा तुकडा म्हणजे काय, तो कशासाठी जपायचा, उद्या त्यावर या बाईच्या जिवाचा निर्णय ठरू शकतो, एवढी तीन वाक्ये ज्यांना जड झाली, ते हसत होते. आणि ज्यांना काहीच सांगितले गेले नाही, ती माणसे मान खाली घालून उभी होती. अक्का तेवढी ताठ होती. "चला," ती दाजींना म्हणाली. "खणायला उजेड पायजे."

खाली चिक्कीच्या दुकानात सहलीला आलेल्यांची झुंबड उडाली होती. एका बाईने चवीचा तुकडा माझ्यासमोर धरला. मी तो इतक्या रागाने नाकारला की ती बिचारी दचकली असावी.

वडिवळे

कामशेतला टमटममध्ये बसलो आणि नाणे मावळात शिरलो. सोलापूरच्या माणसाला हा हिरवा प्रदेश पहिल्यांदा खराच वाटत नाही. आमच्याकडे डोंगर क्षितिजावर पुसट असतो; इथे तो अंगणात येऊन बसतो. भात कापून झाले होते. खाचरांत उरलेल्या धसांवर मऊ ऊन पडले होते आणि झोडणीच्या खळ्यांवरून पेंढ्याचा कोरडा, किंचित गोडसर वास येत होता. वडिवळ्याचे धरण मधूनच झाडांतून चमके, पुन्हा लपे. पाण्याकाठी कुंपणे घातलेली नवी बंगल्यांची वसाहत दिसली. एका फलकावर लिहिले होते, "निसर्गाच्या कुशीत". निसर्गाला मात्र कुंपणाबाहेर ठेवले होते.

घरी पोहोचताच गोदामावशींनी, म्हणजे अक्काच्या सासूबाईंनी, आधी पाने वाढली. नव्या इंद्रायणी तांदळाचा मऊ, एकमेकांना बिलगणारा भात, वर काळ्या घेवड्याची आमटी, कडेला कांदा. आमच्याकडे पाहुण्यापुढे ज्वारीची भाकरी नसेल तर जेवण झाले असे वाटत नाही. भात शेवटी, घासापुरता. इथे भातानेच सुरुवात, भातानेच शेवट. जेवण उरकल्याशिवाय मावशी कोणाला बोलू देईनात.

मग मी विचारले, "मावशी, तो मेणाचा ठोकळा..."

"ती साबनाची वडी व्हय? पुरली की."

"पण का?"

"का म्हंजे?" मावशींनी कंबरेवर हात ठेवले. "सुनंच्या आंगाचं मांस हाय ते. माजा दत्तू, तुजा दाजी, म्हनला, नीट ठिवायचं. मग कुटं ठिवू, फडताळात? का फ्रीजात, दुधाशेजारी? कुसुमच्या तिन्ही लेकरांची नाळ म्याच पुरली त्या बांधाला. आंगातून निघालेलं मातीला द्यावं. उकिरड्यावर टाकत्यात व्हय कुनी?"

"अवो आत्या, पर डॉक्टरला लागतंय ते," अक्का म्हणाली.

"मंग त्यानं तसं सांगावं! मला काय सपान पडतंय?" मावशी उसळल्या. "त्यानं कागदाच्या पुडीत दिलतं, वानसामान बांदून देत्यात तसं. म्या श्रीखंडाचा डबा धुतला, पुसला, घूस उकरंल म्हनून झाकान घट लावलं, हळद-कुकू घातलं, चार दानं तांदळाचं घातलं. आता तूच सांग, शिकलेली हाईस, नीट कुनी ठिवलं?"

आमच्या घरात मुले दवाखान्यात जन्मली. त्यांच्या नाळा कुठे गेल्या हे आम्हांला कधी ठाऊक झाले नाही, आणि ठाऊक करून घ्यावेसे वाटलेही नाही. या बाईने सुनेच्या शरीरातल्या वैऱ्यालाही मातीत मान दिला होता. गाठ शरीराबाहेर आल्यापासून तिला ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्यांत आदराने लावलेला हात हा एकच असावा. आणि तोच आता चुकीचा ठरत होता. मावशींवर रागावता येत नव्हते, म्हणून तो राग त्या जिन्याकडे पुन्हा पुन्हा परत जात होता.

बांधावर गेलो. "निरगुडीपाशी," मावशी म्हणाल्या. निरगुडी कुठेच दिसेना.

"ती म्या तोडली," दाजी हळूच म्हणाले. "कापनीला आडवी येत व्हती."

"तोडलीस? आन् आता डबा कुटं हुडकू, तुझ्या टकुऱ्यात?"

दाजींनी निमूटपणे कुदळ उचलली. बांध नुकताच चोपलेला, सगळीकडे सारखाच. एका जागी खणले, दुसऱ्या जागी खणले. मीही हाताने माती उकरू लागले आणि तळहातात काहीतरी शिरले. बिअरच्या बाटलीची फुटकी काच होती. शनिवार-रविवारी धरणावर येणारी मंडळी बाटल्या पाण्यात टाकतात, खाचरांत टाकतात. लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांचे पाय कापतात. मावशींनी माझ्या जखमेत हळद भरली आणि त्या मंडळींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो इथे लिहिता येणार नाही, पण त्यातला एकही शब्द मला अनाठायी वाटला नाही.

अक्काला वाकायची मनाई होती. ती बांधावरून सावकाश चालत गेली आणि एका आंब्याच्या रोपापाशी थांबली. "हितं बगा. बारक्याची नाळ हितं हाय. आत्या दुसरीकडं कशाला जातील?"

दाजींनी कुदळ घातली. प्लास्टिक फुटल्याचा आवाज झाला.

डब्याचे झाकण चिरले होते. आतल्या काचेच्या पट्ट्यांचा चुरा झाला होता. पण हळदीने पिवळ्या झालेल्या तांदळांत मेणाचे ठोकळे अखंड पडले होते. एक मी ओंजळीत घेतला. फिकट प्लास्टिकच्या चौकटीत दुधी मेण, आणि मेणात सुपारीच्या खांडाएवढा तपकिरी तुकडा. अक्काने तो आपल्या हातात घेतला, उन्हाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला.

"एवढीशीच?" ती म्हणाली. आणि तो परत माझ्या ओंजळीत ठेवत, "एवढ्याशीनं केवढं नाचवलं."

मावशींनी खड्डा पायाने बुजवला. "त्यांचं बगून झालं की माजं मला परत आना," त्यांनी बजावले.

तळेगाव आणि भाजे

तळेगावच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी डबा उघडला, वास घेतला आणि मला विचारले, "हळद?" मी सगळी हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. "मेणाला काही झालेलं नाही. वरचा पातळ थर काढून टाकू. माती, हळद, सगळं जाईल," त्या म्हणाल्या. आणि अक्काकडे वळून, "तुमच्या सासूबाईंनी झाकण लावलं, हे फार चांगलं केलं." निरोप घरी पोहोचला तेव्हा मावशी दोन दिवस तोऱ्यात होत्या.

तपासण्या व्हायला वेळ लागणार होता. त्या दिवसांत एकदा अक्काने मला भाज्याची लेणी दाखवायला नेले. तिला अर्ध्याच पायऱ्या चढवल्या. आम्ही दोघी कातळाला टेकून बसलो. मग मी एकटी वर जाऊन आले तेव्हा मन निवण्याऐवजी अधिकच पेटले. दगडात लाकडासारख्या तुळया कोरणारी ती माणसे, छिन्नीचा घाव कुठे थांबवायचा हे जाणणारी! त्यांना कोणी घाई केली नसेल का? कंटाळा आला नसेल का? तरी त्यांनी छताचा अंधारा कोपराही अर्धवट सोडला नाही. आणि आमच्या काळात एका जिवंत बाईच्या गाठीबद्दल चार ओळी.

"तू सारखी मनात भांडत असतीस," अक्का म्हणाली. "च्या पी. गार व्हतोय."

निकालाच्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट बाईंनी आम्हांला आत बोलावले. त्यांच्याकडे दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला आळीपाळीने अक्का आणि मी. आत एक गुलाबी मुलूख पसरला होता आणि त्यात जांभळ्या पेशींच्या वस्त्या. इतके सुंदर काही इतके वैरी असू शकते, हे डोळ्यांना पटेना.

"मधे दाटी आहे ती मूळ गाठ," बाई सांगू लागल्या. "आता कडेला बघा. दोनदोन, चारचार पेशींचे लहान घोळके सुटे होऊन बाहेर पडलेत. याला आम्ही बडिंग म्हणतो."

अक्काने डोळा वर केला. "बड? आमच्यात बी बडच म्हनत्यात. गुलाबाच्या कळीला."

"तोच शब्द. तुमच्याकडे बड उमलायला लागला असेल तर काय करता?"

"पेटीत न्हाई घालत. वाटंतच फुलतंय."

बाईंनी काचपट्टी किंचित सरकवली. "हेही वाटेला लागलेले बड आहेत. आणि ही बघा एक बारीक रक्तवाहिनी. तिच्यात पेशी शिरल्यात. शिरल्या म्हणजे पुढे पोहोचल्याच असं नाही. पण शक्यता वाढते."

आणखी एक चाचणी त्यांनी केली होती. पेशींच्या बिघाडाची दुरुस्ती करणारी प्रथिने गाठीत शाबूत आहेत का, याची. ती शाबूत होती. मला ते ऐकून बरे वाटले, आणि बाईंनी ते ओळखले. "ऐकायला चांगलं वाटतं, पण इथे उलटं आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या गाठीत ती नसतात, त्यांचा आजार या टप्प्यावर परत यायचा संभव कमी असतो. तेवढा दिलासा मी देऊ शकत नाही. त्यातून तपासलेल्या गाठी चारच. उरलेल्यांचं आता कळणार नाही."

जिला निर्धास्त राहा म्हणून घरी पाठवले होते, तिच्या गाठीत पहिल्या दिवसापासून हे सगळे लिहिलेले होते. तो गुलाबी मुलूख लोणावळ्यातही कोणाच्या तरी डोळ्यांखालून गेला असणार. ते सुटे घोळके, ती रक्तवाहिनी तिथेही तशीच असणार. पाहिलीच नाही, की पाहून लिहिली नाही? मला या दोहोंतला फरक करावासा वाटत नाही. मावशींनी ब्लॉक मातीत पुरला तो अज्ञानाने, आणि मागितल्यावर काढून दिला. त्या चार ओळींखाली जे पुरले गेले, ते कोणत्या कुदळीने उकरायचे?

वरच्या मजल्यावर, ब्लॉकची चौकशी करणाऱ्या त्या डॉक्टरांनी सगळे ऐकून आधी विचारले, "बाई, तुम्ही काम काय करता?" अक्काने सांगितले. बोटे बधिर करणारे औषध टाळून केमोच्या नुसत्या गोळ्या घेण्याचा मार्ग त्यांनी पुढे ठेवला. गोळ्यांनीही तळहात सोलवटू शकतात, भेगा पडतात, हेही लपवले नाही. परत येण्याची शक्यता गोळ्यांनी कमी होईल, नाहीशी होणार नाही. "माझं मत घ्याव्यात असं आहे. पण हात तुमचे आहेत. विचार करून सांगा. फार उशीर मात्र नको."

बाहेर पडताच दाजी म्हणाले, "घ्यायचं म्हंजे घ्यायचं." घरी मावशींचे उलटेच. "हाताची सालं निगाली तर काट्यात हात घालंल का ती? पोरगी आत्ता कुटं उठून बसलीय!" दोघांचे जुंपले. अक्का उठून मागच्या दारी गेली आणि तांदूळ निवडत बसली.

पॉलीहाऊस

निघायच्या सकाळी अक्का मला तिची कामाची जागा दाखवायला घेऊन गेली. शस्त्रक्रियेनंतर ती प्रथमच तिथे जात होती. पांढऱ्या प्लास्टिकच्या छताखाली दमट ऊब होती. ओल्या मातीचा, औषधफवारणीचा आणि गुलाबांच्या पानांचा वास एकत्र आला होता. फुलांना मात्र वास नव्हता. परदेशी जाणारे गुलाब टिकावेत म्हणून त्यांचा वास आधीच काढून घेतलेला असतो, असे मला वाटत राहिले.

प्रतवारीच्या टेबलापाशी बायकांनी अक्काला घेरले. "आली बया आमची! तुज्या जागंला जी बसवली, तिला बड कळंना आन् देठ कळंना." कोणी गालावर हात फिरवला, कोणी चहाचा कप पुढे केला. अक्काने बाजूचा एक गुलाब उचलला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कळी हलकेच दाबून तिने ती फिरवली, डोळे मिटून, जशी एखादी गाणारी सूर जुळवते. मग ती कळी तिने पेटीत न ठेवता बाजूला काढली, आणि आपल्या तळहाताकडे बराच वेळ पाहत राहिली.

मला गाडी गाठायची होती. सल्ला द्यायचा नाही असे मी ठरवले होते. तिला सल्ले पुष्कळ मिळाले होते. मी फक्त विचारले, "अक्का, गोळ्यांचं काय ठरवलंस? घेणार आहेस?"

तिने हात पदराला पुसले.

"घेती."